सायकलवरून पडणं ‘किरकोळ’ असतं का? भिवंडीच्या रस्त्यांवरचे न दिसणारे धोके आणि पडल्यावर मिळू शकणारी भरपाई

भिवंडीत सकाळी सात-आठच्या सुमारास दोन गर्दी एकमेकींना छेदतात. एक रातपाळी संपवून यंत्रमागाच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्यांची, दुसरी दिवसपाळीला निघालेल्यांची. बहुतेक जण पायी असतात, काही शेअर रिक्षात कोंबलेले आणि काही सायकलवर. त्यांच्यातच दूधवाले, पाववाले, बिशीतून म्हणजे कारागिरांच्या खानावळीतून डबे पोचवणारे आणि गोदामावर पहारा द्यायला निघालेले वॉचमनही असतात.

या गर्दीत एखादा सायकलवाला पडला तर पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो उठतो आणि आधी कुणी बघितलं का ते पाहतो. पँट झटकतो, पुढचं चाक दोन पायांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ करतो. कुणीतरी विचारतं, ‘लागलं का?’ तो म्हणतो, ‘नाही, किरकोळ आहे.’ आणि कामाला जातो.

संध्याकाळी मनगट सुजतं. दुसऱ्या दिवशी माग चालवता येत नाही, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. पण याची नोंद पोलिसांकडे नसते, महापालिकेकडे नसते आणि ज्या खड्ड्यामुळे तो पडला, तो खड्डाही तसाच राहतो.

हे ‘किरकोळ’ अपघात नेमके कशामुळे होतात, पडल्यावर काय करायचं आणि नुकसानभरपाई कुणाकडे मागता येते, ते पाहू.

आकड्यांत सायकलवाला कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. शेतीबाहेरची कामं करणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. त्यानंतर दुचाकी वाढल्या, पण सायकल संपली नाही. ज्याला पेट्रोल परवडत नाही आणि ज्याच्या पाळीच्या वेळेला बस नसते, त्याच्यासाठी ती आजही रोजचं वाहन आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ लोकांचा जीव गेला. मृतांमध्ये सायकलस्वार सुमारे ३ टक्के होते, म्हणजे वर्षाला जवळपास पाच हजार.

पण हे आकडे पोलिसांकडे नोंद झालेल्या अपघातांचे आहेत. समोर दुसरी गाडी नसताना जो एकटाच पडला, तो सहसा पोलीस ठाण्यात जात नाही. युरोपात रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की दाखल झालेल्या जखमी सायकलस्वारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कुठल्याच गाडीने धडक दिलेली नव्हती. ते घसरून, अडखळून किंवा तोल जाऊन पडले होते. पोलिसांच्या नोंदींत मात्र असे अपघात फारच कमी सापडतात.

थोडक्यात, सायकलचा सर्वांत नेहमीचा अपघात हाच सर्वांत कमी मोजला जातो.

भिवंडीत सायकल चालवणं अवघड का?

भिवंडी हे एकाच वेळी दोन प्रकारचं शहर आहे. आतल्या भागात दाटीवाटीने वसलेले यंत्रमाग कारखाने आहेत. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, नारपोली, कामतघर अशा भागांतल्या अरुंद गल्ल्यांत सूत आणि कापडाची ने-आण दिवसरात्र सुरू असते. शहराबाहेर काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडा, माणकोली, सोनाळे अशा गावांत गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईची जकात टाळता यावी आणि तरी मुंबई जवळ असावी, म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल साठवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. आज ऑनलाईन मागवलेल्या किती तरी वस्तू भिवंडीतूनच निघतात.

त्यामुळे एकाच रस्त्यावर ४० फुटी कंटेनर, तागे भरलेला टेम्पो, हातगाडी, रिक्षा आणि सायकल असतात. त्यात भर म्हणजे ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं काम, मुंबई-नाशिक महामार्गाचं माजिवडा ते वडपे रुंदीकरण आणि पावसाळ्यात दर वर्षी बातम्यांत येणारे भिवंडी-वाडा आणि चिंचोटी-अंजूरफाटा रस्ते.

या सगळ्यांत सायकलच्या वाट्याला रस्त्याची डावी कड येते. आणि नेमक्या त्याच कडेला गटाराची झाकणं, खडी, साचलेलं पाणी आणि उभे टेम्पो असतात.

न दिसणारे आठ धोके

१. पाण्याने भरलेला खड्डा

कोरडा खड्डा दिसतो, पण पाण्याने भरलेला खड्डा सपाट रस्त्यासारखा दिसतो. चार इंचांचा आहे की एक फुटाचा, हे चाक आत गेल्यावरच कळतं. ताशी १५ किलोमीटर हा सायकलचा नेहमीचा वेग. या वेगात सायकल एका सेकंदात साधारण चार मीटर पुढे जाते. डोळ्यांनी धोका ओळखून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. म्हणजे खड्डा चार मीटरवर दिसला, तर ब्रेक लागायच्या आत चाक त्यात असतं.

उपाय साधा आहे. साचलेल्या पाण्यातून जावंच लागणार असेल तर पुढच्या रिक्षाची किंवा दुचाकीची चाकं कुठे आपटतात ते बघायचं. तेही दिसत नसेल तर उतरून सायकल हातात धरून चालायचं.

२. साईडपट्टीची कड

काँक्रीटचा रस्ता उंच आणि शेजारची मातीची साईडपट्टी खाली, हे दृश्य गोदामांच्या पट्ट्यात सगळीकडे दिसतं. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला खाली उतरतो. गाडी गेली की पुन्हा वर यायला बघतो आणि तिथेच पडतो. कारण कडेला समांतर चालताना हँडल थोडंसं वळवलं की चाक वर चढत नाही, ते कडेला घासत राहतं. सायकलचा तोल हँडल किंचित डावी-उजवीकडे वळवूनच सांभाळला जातो. चाक कडेला अडकलं की ते वळवणं बंद होतं आणि सायकल आडवी होते.

म्हणून वर यायचं तर वेग कमी करून, शक्य तितक्या सरळ कोनात कडेवर चढायचं. उंची दोन इंचांपेक्षा जास्त वाटली तर थांबून सायकल उचलून घ्यायची.

३. गटाराची जाळी आणि लोखंडी प्लेट

साध्या काळ्या सायकलचं टायर जेमतेम दीड इंच रुंद असतं. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील, तर चाक दोन पट्ट्यांमधल्या फटीत सरळ जाऊन बसतं. सायकल थांबते, माणूस थांबत नाही. पट्ट्या आडव्या असतील तर हा धोका उरत नाही. म्हणजे प्रश्न पैशांचा नसून जाळी कोणत्या दिशेने बसवली याचा आहे.

खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा हा दुसरा सापळा. कोरड्या असताना त्या ठीक असतात, पण पाऊस पडला की त्यांच्यावर टायरची पकड जवळजवळ राहत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टेही तसेच. अशा जागेवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. आधीच वेग कमी करून सरळ पार व्हायचं.

४. पहिला पाऊस

जोराच्या पावसापेक्षा पहिल्या सरीची पहिली काही मिनिटं जास्त निसरडी असतात. महिनोन्महिने रस्त्यावर सांडलेलं डिझेल, ऑईल, धूळ आणि टायरची घासलेली भुकटी पाण्यात मिसळून त्यांचा पातळ चिकट थर बनतो. जोरदार पाऊस झाला की हा थर वाहून जातो. ट्रक उभे राहतात त्या नाक्यांवर आणि पेट्रोल पंपांसमोर हा थर जाड असतो.

त्याच वेळी ब्रेकही दगा देतात. साध्या सायकलचा ब्रेक स्टीलच्या रिमला रबर घासून लागतो. रिम ओली झाली की रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं. म्हणून पावसात नाका येण्याच्या बरंच आधी ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची.

आणि घाबरून फक्त पुढचा ब्रेक गच्च दाबायचा नाही. ही चूक दीडशे वर्षं जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पुढचं चाक अवाढव्य आणि मागचं चिमुकलं असलेल्या सायकली होत्या. त्यांना पुढे काही आडवं आलं की माणूस थेट हँडलवरून तोंडावर पडायचा. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल आणली. तिच्या घडणीला नावच ‘सेफ्टी’ पडलं. आज आपण चालवतो ती सायकल तिचीच वंशज. पण फक्त पुढचं चाक जाम केलं तर तीही उलटू शकते.

५. सूत, चिंध्या, ओढणी आणि पिशवी

यंत्रमागाच्या गल्ल्यांत रस्त्यावर सुताचे गुंते आणि कापडाच्या चिंध्या पडलेल्या असतात. सुती धागा सहज तुटतो. पॉलिस्टरचा तुटत नाही, तो चाकाच्या आसाला आणि चेनला गुंडाळत जातो. सुरुवातीला सायकल फक्त जड वाटते, मग एके दिवशी चेन उतरते किंवा चाक अडतं. आठवड्यातून एकदा दोन्ही चाकांचे आस बघून ब्लेडने धागे कापून काढणं, एवढंच यावर पुरतं.

हेच लुंगीचं, ओढणीचं, साडीच्या पदराचं आणि पँटच्या मोहरीचं. चेनकव्हर तुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर कपडा चेनमध्ये जाणारच. हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी वळताना पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली तर चाक जागच्या जागी थांबतं. डबा मागच्या कॅरिअरला बांधायचा.

कॅरिअरवर मुलाला बसवून शाळेत सोडणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. लहान मुलाचा पाय मागच्या आऱ्यांत गेला तर टाचेची कातडी सोलून निघते, हाडही मोडू शकतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि पाय ठेवायला पायदान बसवणं हा सायकल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात होणारा उपाय आहे.

६. टेम्पोबाहेर आलेला बीम आणि अचानक उघडणारं दार

मागावर चढवायचा सुताचा बीम लांब आणि जड असतो. टेम्पोत किंवा हातगाडीवर तो आडवा घातला की टोकं बाहेर येतात. सायकलवाल्याची नजर गाडीवर असते, पण लागतं ते बीमचं टोक. तेही खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर. अशा गाडीमागे किमान एका गाडीइतकं अंतर हवं आणि तिला गल्लीत ओलांडायचं नाही.

उभ्या टेम्पोचं किंवा कारचं दार अचानक उघडणं हाही तसाच प्रकार. इथे चूक दार उघडणाऱ्याची असते. नेदरलँड्समध्ये दार त्या बाजूच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायला गेलं की शरीर आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. कार चालवणाऱ्या प्रत्येकाला ही सवय फुकटात लावता येते. सायकलवाल्याने उभ्या गाड्यांपासून एका दाराइतकं अंतर ठेवायचं.

७. डावीकडे वळणारा कंटेनर

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे लांब गाडीच्या डाव्या बाजूला, विशेषतः केबिनच्या लगत, त्याला न दिसणारा मोठा पट्टा असतो. सिग्नलला किंवा राजणोली, माणकोलीसारख्या नाक्यावर कंटेनर थांबला की सायकलवाले डावीकडच्या फटीतून पुढे सरकतात. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून वळतात. गाडी जितकी लांब, तितकी ती जास्त आत येतात. जी फट मोकळी वाटत होती, ती बंद होते.

या यादीतला हा धोका ‘किरकोळ’ या शब्दात बसतच नाही. कंटेनरच्या डावीकडून कधीच पुढे जायचं नाही. मागे थांबायचं, त्याला वळू द्यायचं. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

८. मांजा आणि कुत्रं

राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर २०१७ मध्येच देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीच्या दिवसांत तो मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये भिवंडीतल्या उड्डाणपुलावर एका दुचाकीस्वाराचा गळा मांजाने चिरून मृत्यू झाला. उड्डाणपुलावर हा धोका जास्त असतो, कारण कटलेल्या पतंगाचा मांजा दोन खांबांमध्ये गळ्याच्या उंचीवर लटकून राहतो. जानेवारीत गळ्याभोवती मफलर किंवा जाड रुमाल हवाच. शक्य असेल तर पुलाखालचा रस्ता घ्यायचा.

कुत्र्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रातपाळीला जाणाऱ्यांना हा त्रास जास्त. कुत्रं मागे लागलं की माणूस जोरात पॅडल मारतो, मागे बघतो आणि पडतो. बहुतेक कुत्री पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागतात. वेग कमी करणं, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरून उभं राहणं जास्त उपयोगी ठरतं.

हळू चालवली तर डोक्याला लागत नाही?

हा समज चुकीचा आहे. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटर उंच असतं. एवढ्या उंचीवरून कुठलीही गोष्ट पडली तर ती जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. सायकल थांबलेली असली तरी हा वेग कमी होत नाही, कारण तो उंचीमुळे येतो.

म्हणून हेल्मेट. जगभरातल्या ४० अभ्यासांमधली ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एकत्र तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ५१ टक्के आणि गंभीर दुखापतीची सुमारे ६९ टक्के कमी आढळली.

पण हेल्मेट म्हणजे चिलखत नव्हे. इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी यांचा फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पहाटे सायकल चालवताना कॅबच्या धडकेत मृत्यू झाला. त्यांनी हेल्मेट घातलं होतं. गाडीचा वेग आणि रस्त्याची रचना या गोष्टी सायकलवाल्याच्या हातात नसतात.

पडल्यावर पहिल्या तासात काय करायचं?

आधी रस्त्यातून बाजूला व्हा. लगेच पुन्हा सायकलवर बसू नका. पडल्यानंतरची काही मिनिटं शरीराला वेदना नीट जाणवत नाहीत.

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. त्यात हळद, चुना किंवा माती भरू नका. रस्त्यावरची जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे मनगट आणि गळ्याजवळचं हाड जास्त वेळा मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर बोटं हलतात म्हणून निर्धास्त राहू नका, एक्स-रे काढा. तिथलं एक छोटं हाड मोडलेलं सहज लक्षात येत नाही आणि तसंच राहिलं तर पकड कायमची कमजोर होते. हाताने काम करणाऱ्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, वाढती डोकेदुखी किंवा काही क्षणांची शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. १०८ वर अ‍ॅम्ब्युलन्स मोफत मिळते. शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे.

कुत्रं चावलं किंवा त्याच्या दाताने ओरखडा जरी पडला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

जखमीला मदत करणाऱ्यांनी पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

भरपाई कोण देणार?

इथे चार वेगवेगळे प्रसंग आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

गाडीने धडक दिली आणि गाडी सापडली. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळते. सायकलस्वाराकडे लायसन्स किंवा विमा असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. त्यासाठी पोलिसांकडची नोंद महत्त्वाची. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात.

धडक देऊन गाडी पळून गेली. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणात मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. आता ‘गंभीर’ म्हणजे काय? भारतीय न्याय संहितेनुसार हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापतच आहे. आपण ज्याला किरकोळ म्हणून सोडून देतो, कायदा त्याला गंभीर म्हणू शकतो.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे पडलात. समोर गाडी नसल्याने वरचे दोन्ही रस्ते बंद होतात. आजवर सायकलवाल्याची गोष्ट इथेच संपायची. पण १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून चालू असलेल्या जनहित याचिकेत महत्त्वाचा आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. महापालिका क्षेत्रात त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने चांगले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि जबाबदार ठेकेदार, अधिकाऱ्यांकडून पैसे वसूल करण्याचाही मार्ग मोकळा ठेवला.

कामावर जाता-येता पडलात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून जात असताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. कुटुंबाला मंजूर झालेली ३,२६,१४० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सांगितलं, की वेळ, ठिकाण आणि परिस्थितीवरून कामाशी संबंध सिद्ध होत असेल तर घर ते काम हा प्रवासही नोकरीच्या ओघातलाच धरता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. अडचण एकच. कामावर असल्याचा पुरावा लागतो आणि मजुरी रोख घेणाऱ्या अनेक कारागिरांकडे तो नसतो. हजेरीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, मजुरी खात्यात घेण्याचा आग्रह, ईएसआयचा नंबर या गोष्टी म्हणूनच कामाच्या आहेत.

पुरावा कसा ठेवायचा?

वरचे चारही रस्ते एकाच ठिकाणाहून सुरू होतात. अपघात झाला होता हे कागदावर असलं पाहिजे.

त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. खड्ड्याचा किंवा जाळीचा फोटो काढा, त्यात मागचं दुकान किंवा खांब दिसू द्या. दवाखान्यात गेल्यावर ‘पडलो’ एवढंच सांगू नका. कुठे, किती वाजता आणि कशामुळे पडलात, हे केसपेपरवर लिहायला सांगा. पाहिलेल्या एखाद्याचा नंबर घ्या. मार जास्त असेल तर पोलीस ठाण्यात नोंद करा. महापालिकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि पडण्याआधी करायच्या गोष्टी फार महाग नाहीत. ब्रेकची झिजलेली रबरं बदला, चाकांत हवा ठेवा, घंटी आणि चेनकव्हर लावा. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि रात्रीसाठी एक चमकती टेललाईट बसवा. रातपाळीला काळा शर्ट टाळा.

कुणी पडलेलं दिसलं तर ‘लागलं का?’ हे जरूर विचारा. तो ‘किरकोळ आहे’ म्हणाला तर त्याला दोन मिनिटं थांबवा, मनगट हलवून बघायला सांगा आणि खड्ड्याचा फोटो काढून त्याच्या मोबाईलवर पाठवून द्या.